हळदीचा डाग आणि घसारा

भाड्याचं घर सोडताना जी तपासणी होते, तिच्या म्हणजे चेक-आउटच्या अहवालातला ३१ वा फोटो मी अजून जपून ठेवला आहे. बदामी रंगाचं कार्पेट, त्यावर बशीएवढा फिकट पिवळा डाग, आणि आकार कळावा म्हणून शेजारी ठेवलेलं एक निळं पेन. फ्लॅश मारून काढल्यामुळे डाग होता त्यापेक्षा गडद दिसतो. खाली एक ओळ आहे: बैठकीची खोली, खिडकीजवळ, डाग, घर देताना नव्हता.

ते खरंच होतं. घर देताना तो नव्हता. आमच्या घरच्यांनीच तो पाडला होता.

इंग्लंडमधलं रेडिंग. लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. आयटीतल्या नोकऱ्यांमुळे इथे आपली माणसं बरीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिथल्या एका चाळीसारख्या सलग घरांच्या रांगेत राहायला गेलो. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना. भाडं महिना ११०० पौंड, डिपॉझिट १२६९ पौंड. हा आकडा एजंटने मनाने काढलेला नव्हता. त्याच वर्षी १ जूनपासून नवा कायदा लागू झाला होता आणि वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नव्हतं. नव्याने संसार मांडणाऱ्या आमच्यासारख्यांना तेवढेही जड होते.

आपल्याकडे घर भाड्याने घेताना आपण नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारतो, गॅलरी कुठल्या दिशेला ते बघतो. इथे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते जमिनीकडे. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. जिन्यावरही कार्पेट. खाली फोमचा थर, आणि भिंतीलगत बारीक खिळ्यांच्या लाकडी पट्ट्यांत त्याच्या कडा अडकवलेल्या. म्हणजे उचलायचं नाही, झटकायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. फरशी पुसण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला हा प्रकार पहिल्या दिवसापासून धास्तीचा वाटला होता. आपण फोडणी करणारी माणसं.

डाग पडला तो २०२० च्या एप्रिलमध्ये. फेब्रुवारीत मुलगी झाली, बाळंतपणाला आई साताऱ्याहून आली होती, आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. तीन महिन्यांसाठी आलेली आई सप्टेंबरपर्यंत राहिली. रात्रीचं हळद-दूध ती चुकवू देत नसे. पेलाभर दूध, चमचाभर तूप, चिमूटभर सुंठ, आणि तिने पिशवीतून आणलेली घरची हळद. त्या रात्री बाळ एकदम दचकून रडलं, मी वळले, आणि आईच्या हातातला पेला माझ्या कोपराला लागून पालथा झाला.

तिने आधी पंचाने टिपून घेतलं. मग तिच्या सवयीप्रमाणे कपडे धुवायच्या साबणाची वडी ओली करून घासली. आणि आमच्या डोळ्यांसमोर तो पिवळा डाग लाल झाला. नुसता लालसर नाही, चांगला कुंकवासारखा लाल. आई घाबरून मागे सरकली. मी ओल्या बाळंतपणात होते, तिला क्षणभर वाटलं की रक्तच आहे.

मग तिच्याच लक्षात आलं. "अगं, कुंकू झालं हे," ती म्हणाली. तिच्या लहानपणी कुंकू घरी करायचे ते हळदीला चुना लावूनच. हळदीतला रंग क्षार भेटला की लाल होतो. साबणाची वडीही क्षाराचीच. तिने लिंबू पिळलं तेव्हा तो डाग मुकाट्याने परत पिवळा झाला. पण गेला नाही. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळतो, आणि तुपाबरोबर तो धाग्यात शिरून बसला होता.

हळदीवर एकच उपाय खरा, ऊन. हे साताऱ्यात कुणालाही माहीत आहे. हळदीचं पातळ दोन दिवस उन्हात टाकलं की डाग उडतो. इथे कार्पेट खिळ्यांत अडकलेलं, मग आईने उलटं केलं. सोफा सरकवला, पडदा काढून ठेवला आणि ऊनच डागावर आणलं. आमची खिडकी नैर्ऋत्येची. त्या वर्षीचा ब्रिटनमधला वसंत तोवरच्या नोंदींतला सर्वांत जास्त उन्हाचा ठरला, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की दुपारी दोन ते सहा ऊन त्या जागेवर पडतं, आणि आई बाळाला मांडीवर घेऊन रोज त्या उन्हाची वाट बघते. महिन्याभरात डाग बिस्किटाच्या रंगाचा झाला. त्यापुढे हटला नाही.

त्यावर तीन वर्षं आम्ही वावरलो. मुलगी तिथेच पालथी पडली, तिथेच बसायला शिकली. पुढे जिन्याचा नाद लागला. खालच्या चार पायऱ्या ती दिवसातून किती वेळा चढली-उतरली असेल याचा हिशेब नाही. पायऱ्यांच्या कडांवरचे धागे हळूहळू बसत गेले आणि मधोमध एक फिकट वाट दिसू लागली. गावातल्या जुन्या घराच्या दगडी उंबरठ्याला मधे खळगी असते, तशीच ती. त्या खळगीबद्दल कुणी कुणाला कधी दोष दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नोकरी बदलली आणि आम्ही घर सोडलं. कार्पेट धुण्याचं यंत्र भाड्याने आणून दोन दिवस सगळं घर धुतलं. ओव्हन घासला, खिडक्या पुसल्या, किल्ल्या दिल्या. नऊ दिवसांनी एजंटची मेल आली. बैठकीतलं कार्पेट बदलण्याचे ४८० पौंड, जिन्याचं कार्पेट बदलण्याचे ३६०, व्यावसायिक साफसफाईचे १८०. एकूण १०२०. म्हणजे १२६९ पैकी आमच्या हाती २४९.

ती मेल वाचून मला पहिल्यांदा जे वाटलं ते रागाचं नव्हतं. लाज वाटली. त्या यादीत कुठेतरी आमच्या स्वयंपाकाचा, आमच्या राहण्याचा उल्लेख असल्यासारखं वाटलं. परक्या देशात भाड्याने राहणाऱ्या पुष्कळ बायकांना ही लाज ओळखीची असेल. घर सोडायच्या आधी आठवडाभर फोडणी बंद ठेवणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. त्या लाजेपोटी माणूस हक्काचे पैसे सोडून देतो. आईनेही फोनवर तेच सांगितलं. "डाग आपलाच होता ना? मग सोडून दे. परक्या मुलखात कशाला तंटा."

बाबांनी फोन घेतला. ते जिल्हा परिषदेत हिशेब विभागात होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कार्पेट किती साली टाकलेलं?"

मला माहीत नव्हतं.

"ते आधी विचार. नव्याचे पैसे ते तुझ्याकडून कसे घेतील? ऑफिसच्या खुर्चीवरसुद्धा आम्ही घसारा लावायचो."

घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत कमी धरत जाणं. ताळेबंदातला रुक्ष शब्द म्हणून मी तो लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी तो मला आधार देऊन गेला. कार्पेट बसवलं त्या दिवशीच त्याचं झिजणं सुरू होतं. कुणीही राहो, कितीही जपून राहो. आणि आपण भाडं देतो ते दुसरं कशाचं? दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवण्याचं, त्याच्या दाराला रोज हात लावण्याचं. त्या झिजेचे पैसे आम्ही चार वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, आगाऊ दिले होते. तीच झीज डिपॉझिटमधून पुन्हा वसूल करणं हे एका वस्तूची किंमत दोनदा घेणं आहे. हे मी आज ठामपणे म्हणते. तेव्हा ते शोधून काढायला मला दोन आठवडे लागले.

शोधल्यावर कळलं की इथल्या कायद्यात त्याला जागा आहे. "फेअर वेअर अँड टेअर", म्हणजे रास्त झीज. हाउस ऑफ लॉर्ड्सची म्हणून जी व्याख्या सगळीकडे दिली जाते ती एका वाक्याची आहे: भाडेकरूने केलेला जागेचा वाजवी वापर आणि निसर्गशक्तींचं नेहमीचं काम. मला हे वाक्य फार आवडलं. त्यात पाऊल आहे आणि ऊनही आहे. कपाटाच्या पायांनी कार्पेटला पडलेले खड्डे ही झीज. उन्हाने उडालेला पडद्याचा रंग ही झीज. इस्त्री टेकवून जाळलेला त्रिकोण हे नुकसान. जिन्याच्या कडेवरची वाट ही झीज. आणि हळदीचा डाग हे नुकसान, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. चुकून झालं म्हणून ते झीज होत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती डिपॉझिटच्या मालकीची. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून घरमालकाला डिपॉझिट सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं, आता त्याला ३० दिवसांची मुदत आहे. अशा तीन योजना आहेत. मालकाने ते केलं नाही तर कोर्ट त्याला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. आमचे पैसे तर योजनेच्याच खात्यात होते. वाद झाला तर सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. कारण तो सिद्ध करेपर्यंत पैसे भाडेकरूचे मानले जातात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले ओळखीतले एक काका म्हणाले, "आमच्या वेळी डिपॉझिट म्हणजे गेलेले पैसे. मालकाच्या खिशात, आणि मालकच न्यायाधीश." दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे नसणं, एवढा एकच बदल. पण त्याने आमच्यासारख्या कुणाची ओळख नसलेल्या माणसाला बोलायला तोंड दिलं.

वाद नसलेले २४९ पौंड लगेच मिळाले. बाकीच्यासाठी आम्ही योजनेकडे निवाडा मागितला. त्याला दोन्ही बाजूंची संमती लागते, नाहीतर कोर्टात जावं लागतं. मालकाने संमती दिली, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. निवाड्याला फी नाही. निवाडा करणारा माणूस घर बघायला येत नाही, फक्त कागद आणि फोटो बघतो. तिथे आम्हाला वाचवलं ते चार वर्षांपूर्वीच्या एका कंटाळवाण्या संध्याकाळने. घरात शिरताना २३ पानी इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांची अवस्था यांची यादी, आली होती आणि सात दिवसांत आक्षेप कळवा असं म्हटलं होतं. एका मैत्रिणीने बजावलं होतं, न वाचता सही करू नकोस. म्हणून आम्ही दोघांनी बॅटरी घेऊन एकेक खोली पाहिली होती आणि मी समासात लिहिलं होतं: जिना, खालून तिसरी आणि चौथी पायरी, कडा चपटी. ओव्हनची आतली काच, तपकिरी डाग. तेव्हा हा कीस काढल्यासारखा वाटला होता. आज कुणी नवीन घर घेतंय असं कळलं की मी त्यांना फोन करून हेच सांगते. फोटो काढा, तारीख दिसू द्या, आणि जे आधीपासून आहे ते पहिल्या आठवड्यात लिहून द्या. निवाडा त्याच कागदावर उभा राहतो.

मी पत्र लिहिलं तेव्हा डाग नाकारला नाही. नवरा म्हणाला, गप्प राहू, त्यांना सिद्ध करू दे. मला ते पटलं नाही. आईने महिनाभर उन्हात बसून जो डाग पुसला, तो नव्हताच असं मी कशी लिहू? मी लिहिलं: हा डाग आमच्याकडून पडला. त्याची रास्त भरपाई द्यायची आमची तयारी आहे. कार्पेट कधी बसवलं याची पावती मिळावी. मग बाबांनी फोनवर सांगितलेलं गणित इंग्रजीत मांडलं.

साधारण चार आठवड्यांनी निकाल आला, सहा पानांचा. तो मी इतक्या वेळा वाचला आहे की परिच्छेद पाठ झालेत. मालकाने दिलेली पावती २०१७ ची होती. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा ते कार्पेट दोन वर्षांचं, सोडलं तेव्हा सहा वर्षांचं. अशा कार्पेटचं भाड्याच्या घरातलं आयुष्य निवाडा करणाऱ्याने आठ वर्षं धरलं. उरली दोन. ४८० चे दोन-अष्टमांश, १२० पौंड. जुन्याच्या जागी भाडेकरूच्या पैशाने नवं मिळून मालक होता त्यापेक्षा चांगल्या स्थितीत जाता कामा नये, असं तत्त्व त्यामागे आहे. जिन्याचे शून्य: इन्व्हेंटरीतच कडा चपट्या असल्याची नोंद, खरेदीची पावती नाही, आणि बाकी राहिली ती चालण्याने होणारी झीज. साफसफाईचेही शून्य. त्या १८० मध्ये मोठा भाग कार्पेट धुण्याचा होता आणि जे कार्पेट बदलणार म्हणून पैसे मागताय तेच धुण्याचेही पैसे मागता येत नाहीत. शिवाय व्यावसायिक साफसफाईची सक्तीच २०१९ च्या कायद्याने बंद झाली आहे. घर मिळालं तितपत स्वच्छ परत करणं एवढंच भाडेकरूचं काम.

१०२० पैकी १२०. बाकीचे ९०० परत आले. पैशांचा आनंद झाला, होणारच. पण त्याहून जास्त बरं वाटलं ते १२० द्यायला. ते आमचं देणं होतं आणि ते कुणीतरी मोजून सांगितलं होतं. अंगावरून लाज उतरली ती त्या आकड्याने. डाग केवढा, तर १२० पौंडांएवढा. त्याहून मोठा नाही.

हे सगळं मी इथेच संपवलं असतं. पण त्याच ऑक्टोबरमध्ये आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधला भाडेकरू घर सोडत होता.

धायरीचा हा फ्लॅट बाबांनी २००९ मध्ये घेतला. तिथे पाच वर्षं नांदेडकडचं एक कुटुंब राहत होतं. दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा नवा करार, भाडं १४ हजार, डिपॉझिट ४० हजार. ते चाळीस हजार कुठल्या योजनेत नव्हते, बाबांच्याच खात्यात होते. आपल्याकडे ही नेहमीचीच रीत. बाबा बोलता बोलता म्हणाले, "रंगाचे २२ हजार कापून बाकीचे देतोय. भिंती खराब केल्यात पोरांनी."

मी विचारलं, "बाबा, रंग कधी दिला होता?"

ते गप्प झाले. फोनवर पंख्याचा आवाज येत राहिला.

"ते यायच्या आधी. सतराच्या दिवाळीत."

"सहा वर्षं झाली."

"हो."

मी पुढे काही बोलले नाही. वडिलांना काय बोलायचं. त्यांनीच मला घसारा शिकवला होता. पण मनात सगळं होतं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच ठेवलं आहे, भिंतींना रंग-चुना हे काम मालकाच्या वाट्याला लिहिलं आहे आणि नेहमीच्या झिजेचा भार भाडेकरूवर नाही असंही म्हटलं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो. तोवर नांदेडच्या त्या माणसाने काय करायचं? त्याला सहा पानी निकाल लिहून देणारं कुणी नाही. वीस हजारांसाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही, आणि पुण्यात पुढचं घर मिळवायचं तर आधीच्या मालकाशी वाकडं घेऊन चालत नाही. तो गप्प बसणार हे बाबांनाही माहीत होतं आणि त्यालाही. आमच्या घरात, माझ्या प्रेमळ वडिलांच्या हातून, तेच घडत होतं जे माझ्या बाबतीत घडताना मी रडले होते.

चार दिवसांनी बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. आखीव कागद, निळी शाई, त्यांचं जुनं हिशेबातलं अक्षर. ते स्वतः धायरीला जाऊन भाडेकरूबरोबर घरभर फिरून आले होते.

रंग, सन २०१७. घसारा पूर्ण. वजा काही नाही.
भिंतीवरील खिळ्यांची भोके, नग ७. लांबी (पुट्टी) भरून घेणे. वजा काही नाही.
वॉश बेसिन, तडा. भाडेकरूने स्वतः दाखविले. किंमत रु. २६००. आयुष्य २० वर्षे, वय १४, शिल्लक ६. वजा रु. ७८०.
परत रु. ३९,२२०.

खाली दोघांच्या सह्या होत्या, आणि तारीख. मी फोन केला तेव्हा आईने उचलला. बाबा बेसिन बघायला बाजारात गेले होते.